वजन सोपं, आकारमान अवघड

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकच्या सराफ बाजारात नववीतल्या एका मुलीने गणपतीच्या दोन मूर्ती हातात घेतल्या. दोन्ही एकाच मापाच्या, एक चांदीची आणि एक पितळेची. चांदीची जड लागली. घरी येऊन तिने पुस्तकातलं सूत्र काढलं, घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, आणि वडिलांना विचारलं: आकारमान छेदात आहे, म्हणजे ते वाढलं की घनता कमी व्हायला हवी; मग चांदीच्या मोठ्या तुकड्याची घनता लहान तुकड्यापेक्षा कमी का नसते? वडिलांनी त्याला आपले दोन प्रश्न जोडले आहेत. घरातल्या चांदीची परीक्षा घनतेवरून घरच्या घरी करता येते का? आणि पेट्रोल पंपावरच्या पाटीवर लिहिलेली घनता बघून आपल्याला काय कळतं?

मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत अ‍ॅल्युमिनियमच्या ओतकामाची प्रयोगशाळा सांभाळतो. घनता मोजणं हे रोजचं काम, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी मुलीचा प्रश्न. तिचं गणित अगदी बरोबर आहे. छेद वाढला की भागाकार कमी होतो, पण अंश तेवढाच ठेवला तर. चांदीच्या बाबतीत तो तेवढाच राहत नाही. १०५ ग्रॅम चांदीला साधारण १० घनसेंटिमीटर जागा लागते. तिच्या दुप्पट चांदी घेतली तर २१० ग्रॅम आणि २० घनसेंटिमीटर. वर दुप्पट, खाली दुप्पट, भागाकार पुन्हा साडेदहा. तुकडा मोठा होतो तेव्हा आकारमान एकटं वाढत नाही, सोबत वस्तुमानालाही घेऊन वाढतं. सूत्र घनता काढायची कशी एवढंच सांगतं, घनता कशामुळे ठरते हे सांगत नाही. मुलं सूत्राकडे कारण म्हणून बघतात आणि तिथेच अडकतात.

वस्तुमान तेवढंच ठेवून आकारमान वाढवता येतं का? येतं. तीच चांदी तापवा, किंचित फुगेल. तिचा पत्रा ठोकून आतून पोकळ मूर्ती करा, बाहेरचं माप वाढेल. अशा वेळी मुलीचं म्हणणं तंतोतंत लागू पडतं, म्हणजे घनता उतरते. पत्र्याची पोकळ मूर्ती सगळी मिळून पाण्यावर तरंगूही शकते, चांदीची असूनही.

हे पटवायला आलेख काढायला लावा. बाजारातून लोखंडी खिळे आणा. पन्नास, शंभर, दीडशे, दोनशे ग्रॅमचे ढीग करा. मोजपात्रात पाणी घेऊन प्रत्येक ढीग बुडवा आणि पाणी किती चढलं ते लिहा. पन्नास ग्रॅमला सहा-साडेसहा मिलिलिटर, शंभरला पावणेतेराच्या आसपास. आडव्या अक्षावर आकारमान, उभ्यावर वस्तुमान. ठिपके शून्यातून निघणाऱ्या सरळ रेषेत येतील. त्या रेषेचा चढ म्हणजे लोखंडाची घनता, सुमारे ७.८. अ‍ॅल्युमिनियमच्या तुकड्यांची रेषा त्याच कागदावर काढली तर ती बरीच आडवी पडेल, चढ २.७. रेषेवर कितीही पुढे गेलात तरी चढ बदलत नाही, हे एकदा डोळ्यांनी दिसलं की ‘मोठ्या तुकड्याची घनता’ हा प्रश्नच गळून पडतो.

मग चांदीचा चढ साडेदहा आणि अ‍ॅल्युमिनियमचा पावणेतीन का? पुस्तकात बहुधा ‘कण दाटीवाटीने असतात म्हणून’ असं एका ओळीत उरकलेलं असतं. या दोन धातूंना ते लागू पडत नाही. चांदी, सोनं आणि अ‍ॅल्युमिनियम या तिन्ही धातूंमध्ये अणू एकाच पद्धतीने रचलेले असतात आणि त्यांच्यातलं अंतरही जवळजवळ सारखं असतं. रचनेचा जो छोटा घन धरतात त्याची बाजू अ‍ॅल्युमिनियममध्ये ४.०५ अँगस्ट्रॉम (म्हणजे सेंटिमीटरच्या दहा कोटीव्या भागाइतकं माप), सोन्यात ४.०८ आणि चांदीत ४.०९. म्हणजे दाटी तीच. फरक आहे तो अणूच्या वस्तुमानात: अ‍ॅल्युमिनियमचा अणुभार २७, चांदीचा १०८, सोन्याचा १९७. चांदीचा अणू चौपट जड आणि जागा किंचितच जास्त घेतो, म्हणून घनता चौपटीला जराशी कमी. भागाकार करून बघा, १०.४९ भागिले २.७० म्हणजे ३.८९. तांब्याची गोष्ट उलटी. त्याचा अणुभार ६३.५, चांदीच्या साठ टक्क्यांपेक्षाही कमी, पण घनाची बाजू ३.६१. इथे अणू खरोखरच दाटीने बसलेत, म्हणून एवढ्या हलक्या अणूचं तांबं ८.९६ पर्यंत पोचतं. घनता दोन गोष्टींवर ठरते, अणू किती जड आणि किती जवळ. कोणत्या धातूत कोणती गोष्ट वरचढ ठरेल हे आधी सांगता येत नाही, बघावं लागतं. तुमच्या मूर्तीचं पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. जस्ताची घनता ७.१४, म्हणून पितळ तांब्याच्या खाली, साधारण साडेआठवर येतं. मूर्ती हातात घेतल्यावर जाणवलेला फरक साडेआठ आणि साडेदहाचा होता.

आता या धंद्यात मुरलेला माणूस घनतेकडे कसं बघतो ते सांगतो. सूत्रात तीन राशी आहेत, पण तिघींचा स्वभाव सारखा नाही. वस्तुमान इमानी आहे. पाव किलोत पाव किलो मिसळा, अर्धा किलोच होणार. तापवा, वितळवा, पूड करा, काट्यावरचा आकडा हलत नाही. आकारमान तसं नाही. ५० मिलिलिटर पाण्यात ५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल ओतलं तर मिश्रण १०० भरत नाही, ९६-९७ मिलिलिटरच भरतं. रेणू एकमेकांच्या फटीत सामावतात. ग्रॅमांची बेरीज जुळते, मिलिलिटरांची जुळत नाही. त्यामुळे मिश्रणाची घनता ही दोन घनतांची साधी सरासरी असते असं धरून चालणारा फसतो.

घर बांधलेल्या कुणालाही विचारा, आकारमानाने माल घेण्याचा अनुभव काय असतो. आपल्याकडे वाळू, खडी, क्रश सँड ब्रासने येते. ब्रास म्हणजे १०० घनफूट, साधारण २.८३ घनमीटर. कोरड्या वाळूचा एक ब्रास साडेचार टनांच्या आसपास भरतो. तीच वाळू थोडी ओलसर झाली की कणांभोवती पाण्याचा पातळ पापुद्रा बसतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि ढीग वीस-पंचवीस टक्के, बारीक वाळू असेल तर त्याहून जास्त, फुगतो. डंपर भरलेला दिसतो, वाळू कमी असते. गंमत म्हणजे तीच वाळू पाण्यात पूर्ण बुडवली की पापुद्रे नाहीसे होतात आणि ढीग पुन्हा मूळ मापावर बसतो. बांधकामावरचे जाणते मिस्त्री बरणीत वाळू घालून पाणी ओततात आणि किती खाली बसते ते बघतात, ते याचसाठी. रेडी-मिक्स प्लांटवाले या भानगडीत पडतच नाहीत. वाळू वजनाने घेतात, ओलाव्याची टक्केवारी काढतात आणि तेवढं पाणी वजा करतात. गॅसचंही तसंच. घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, सीएनजी किलोवर. वायूचं आकारमान दाबाप्रमाणे इतकं बदलतं की लिटरमध्ये विकायला अर्थच उरत नाही.

दगडाचं उदाहरण नाशिककरांना हाताशी आहे. आपला काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, घट्ट असेल तर २.८ ते ३ च्या दरम्यान घनतेचा. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले तर तोच दगड जाळीदार होतो आणि हातात हलका लागतो. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणी तर या पोकळ्यांत वाढलेल्या झिओलाइट आणि अ‍ॅपोफिलाइटच्या स्फटिकांसाठी जगभरच्या संग्राहकांना माहीत आहेत. स्टिल्बाइट हा झिओलाइट २.२ च्या आसपास, अ‍ॅपोफिलाइट साधारण २.३५, गारगोटी २.६५. पांढऱ्या खड्याकडे नुसतं बघून तो गारगोटी की झिओलाइट हे सांगणं कठीण, पाण्यात टांगून तोललं की दोन मिनिटांत निकाल. काळ्या दगडाबाबत मात्र आधी एक ठरवावं लागतं, पोकळ्या धरून घनता हवी की पोकळ्या सोडून. दोन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्न वेगळे आहेत. मुलीला एवढं कळलं तर ती वर्गातल्या बऱ्याच जणांच्या पुढे असेल.

आकारमानाचा काटा नसतो, हीच सगळी अडचण. पट्टीने ठोकळा मोजता येतो, गणपती नाही मोजता येत. सोंड, कान, मुकुट, प्रभावळ, कशाची लांबी आणि कशाची रुंदी? आर्किमिडीजची गोष्ट इथे येते. राजा हिएरोचा सोन्याचा मुकुट, त्यात चांदीची भेसळ आहे का हे ओळखायला मोजलेलं ओसंडलेलं पाणी वगैरे. ही गोष्ट आपल्यापर्यंत आली ती व्हिट्रुवियस या रोमन वास्तुविशारदाकडून, आर्किमिडीजनंतर सुमारे दोनशे वर्षांनी. ओसंडलेलं पाणी मोजण्याची रीत खरंच वापरली असेल याबद्दल मला दाट शंका आहे, आणि ती आकड्यांमुळे. समजा मुकुट एक किलोचा. शुद्ध सोन्याचा असेल तर आकारमान ५१.८ घनसेंटिमीटर. तीस टक्के चांदी मिसळली असेल तर ६४.९. फरक १३. मुकुट मावेल असं भांडं निदान २० सेंटिमीटर तोंडाचं हवं, म्हणजे पृष्ठभाग ३१४ चौरस सेंटिमीटर. पाण्याच्या पातळीतला फरक ०.४ मिलिमीटर! भांड्याच्या काठावर पाण्याचा जो फुगवटा धरतो तोच याहून मोठा असतो. गॅलिलिओलाही ही पद्धत भरड वाटली होती. १५८६ मध्ये त्याने तराजूवर तोलण्याची युक्ती मांडली: वस्तू हवेत तोला, मग पाण्यात बुडवून तोला, आणि फरक काढा. फरक म्हणजे वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन, आणि एक ग्रॅम पाणी म्हणजे जवळपास एक घनसेंटिमीटर. अवघड राशी सोप्या राशीत बदलून टाकली. आमच्या प्रयोगशाळेतला घनतेचा काटा याच तत्त्वावर चालतो, फक्त आकडे दशांशानंतर चार घरांपर्यंत देतो.

ज्यांना वजन आणि वस्तुमान यांतला फरक आठवून शंका आली असेल त्यांच्यासाठी: इथे तो आड येत नाही. दोन्ही तोल एकाच जागी, एकाच गुरुत्वाकर्षणात होतात आणि भागाकारात ते उडून जातं.

घरी करायची सोपी रीत सांगतो. सराफांकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, ०.०१ ग्रॅम दाखवणारा, स्वस्तात मिळतो. एक ग्रॅमच्या टप्प्याने दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा मोठ्या पितळी मूर्तीला चालेल, नाण्याला मुळीच नाही. आधी वस्तू कोरडी तोला. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. वस्तू बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी वरून धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काट्यावर दिसणारे ग्रॅम म्हणजे बाजूला सारलेलं पाणी. कोरडं वजन भागिले हा आकडा, झाली घनता. वस्तू तळाला टेकली तर काटा तिचं स्वतःचं वजनही धरू लागतो आणि उत्तर हास्यास्पद येतं, ते लगेच ओळखू येतं. बुडबुड्याची लबाडी मात्र ओळखू येत नाही. मूर्तीच्या कानामागे, हाताच्या बेचक्यात हवा अडकते, आकारमान वाढलेलं दिसतं आणि चांगली चांदीही हलकी ठरते. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा थेंब टाका, पाणी उकळून गार केलेलं घ्या, वस्तू बुडवल्यावर दोन-चार वेळा हलवा.

तापमानही धरावं लागतं. पाणी ४ अंशांना सर्वांत दाट असतं. ३५ अंशांना त्याची घनता ०.९९४ वर आलेली असते. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटेल. ५० ग्रॅमचं चांदीचं नाणं घ्या. शुद्ध असेल तर नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये काटा ४.७४ दाखवेल. पाणी १ धरून भागलंत तर १०.५५ येईल, ०.९९४ ने गुणलंत तर १०.४९. शुद्ध चांदी आणि ९२५ची चांदी यांच्या घनतेत फरकच मुळी ०.१३ चा आहे. ९२५ची, म्हणजे साडेसात टक्के तांबं असलेली, १०.३६ च्या आसपास येते. निम्मा फरक तापमानात हरवला तर परीक्षा कसली! याच नाण्याच्या जागी चांदीचा मुलामा दिलेलं तांबं असतं तर काटा ५.५५ दाखवेल. त्याला तापमान-बिपमान काही बघावं लागत नाही, फसवणूक उघडी पडते. १० ग्रॅमच्या नाण्याला मात्र ही रीत अपुरी आहे. शुद्ध असेल तर काट्यावर ०.९५ दिसेल आणि ९२५ची असेल तर ०.९६. शेवटचा अंक एकने इकडेतिकडे झाला की निकाल फिरला. तांब्याचं नाणं पकडता येईल, कसातला बारीक फरक नाही.

या परीक्षेने कळतं काय आणि कळत नाही काय, हे वडिलांना स्पष्ट सांगतो, कारण लोक एक आकडा हातात आला की सराफाशी भांडायला निघतात. देवघरातले टाक घ्या. पुढे चांदीचा पत्रा आणि मागे तांब्याचा, अशी जुनी पद्धत आहे. त्यांची घनता दोन्हींच्या मध्ये येणारच, त्यात लबाडी नाही. पोकळ मूर्तीत लाख भरलेली असू शकते, घनता एकदम खाली येईल. बंद पोकळी असेल तर आत हवा असल्यामुळेही येईल. म्हणजे घनता कमी आली तर ‘भरीव शुद्ध चांदी नाही’ एवढंच सिद्ध होतं. उलट बाजूनेही सावध राहावं. शिशाची घनता ११.३४ आहे, चांदीपेक्षा जास्त. आत शिसं आणि तांबं बेताने भरून वर जाड चांदी चढवली तर आकडा साडेदहावर आणता येतो. सोन्याच्या बाबतीत तर टंगस्टन बसलेलंच आहे. सोनं १९.३, टंगस्टन १९.२५. घरच्या कोणत्याही काट्याला हा फरक कळणार नाही.

सराफाकडचं एक्स-रे यंत्र काही क्षणांत टक्केवारी सांगतं, पण ते पृष्ठभागालगतचा अगदी पातळ थर वाचतं. घनता मात्र सगळी वस्तू आतपर्यंत वाचते, पण आत काय आहे त्याचं नाव सांगत नाही. दोन्ही जुळले तर विश्वास ठेवायला बरीच जागा आहे. वस्तू विकायचीच असेल तर वितळवून केलेली परख शेवटची.

घनतेचा आकडा आला की माझ्या मनात पहिला प्रश्न ‘हा कोणता धातू’ असा येत नाही, कारण धातू आम्हाला माहीत असतो. आम्ही बघतो आत हवा किती आहे ते. वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या आणि ओल्या मालातल्या दमटपणातून हायड्रोजन शोषतं. थिजताना हा वायू बाहेर पडायला बघतो आणि आतच बारीक बारीक छिद्रं ठेवतो. बाहेरून भाग चकचकीत, आत चाळणी. तो भाग गाडीच्या इंजिनाजवळ बसला आणि त्यातून तेल झिरपू लागलं की मग सगळे प्रयोगशाळेत धावत येतात. म्हणून ओतण्याआधीच भट्टीतून दोन छोटे नमुने काढतो. एक साध्या हवेत थिजवतो, दुसरा निर्वात पेटीत, जिथे दाब साधारण ८० मिलिबार ठेवलेला असतो. निर्वातात बुडबुडे फुगतात, त्यामुळे दुसऱ्या नमुन्याची घनता कमी येते. हवेतला नमुना २.६५ आणि निर्वातातला २.६० भरला तर फरक पहिल्याच्या १.९ टक्के. या टक्क्याला आमच्याकडे डेन्सिटी इंडेक्स म्हणतात आणि तो ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की भट्टी थांबवून धातूतून नायट्रोजन किंवा अरगॉन फुंकतात. जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरीकडून पावसाची झड लागली की हा आकडा हटकून चढतो. उघड्यावर राहिलेले इनगॉट म्हणजे धातूच्या विटा, धातू साफ करायचा ओला फ्लक्स, नीट न तापवलेली लाडल म्हणजे ओतायचा डाव, कारणं ठरलेली असतात. २.६५ आणि २.६० मधला फरक हाताला कधीच कळणार नाही. कुणी तुकडा तळहातावर उडवून ‘चांगला आहे, वजनदार आहे’ म्हणालं तर मी नुसता हसतो.

मुलीसाठी यापेक्षा गोड प्रयोग आहे आणि तो द्राक्षाच्या हंगामात नाशिकला फुकटात होतो. पिकलेली द्राक्षं साध्या पाण्यात टाका, बुडतात. आता पाण्यात थोडं थोडं मीठ विरघळवत जा. एका टप्प्यावर काही मणी वर येतील, बाकीचे तळाशीच राहतील. आणखी मीठ घाला, आणखी काही येतील. शेवटपर्यंत खाली राहतात ते सर्वांत गोड, कारण रसात साखर जास्त म्हणजे घनता जास्त. ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साखर किती ग्रॅम; १८ ब्रिक्सच्या रसाची घनता १.०७४ च्या जवळ, २२ ब्रिक्सची १.०९२. नऊशे ग्रॅम पाण्यात शंभर ग्रॅम मीठ घातलं की द्रावण १.०७ वर पोचतं, म्हणजे खेळ तिथेच सुरू होतो. चव घेऊन पडताळायचं असेल तर मणी आधी धुवा! इथे आकारमान मोजावंच लागलं नाही. वस्तू आणि द्रव यांची एकमेकांशी तुलना झाली आणि घनता आपोआप दिसली.

वायनरीतला हायड्रोमीटर हेच करतो. काचेची नळी तीच, तिचं वस्तुमान तेच. दाट रसात ती कमी बुडते, पातळ रसात जास्त. आंबवण सुरू होताना रस १.०९ च्या आसपास असतो. साखर संपत जाते, तिच्यातला काही भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो आणि उरलेल्याचं पाण्यापेक्षा हलकं अल्कोहोल होतं. शेवटी आकडा १ च्याही खाली, ०.९९ च्या घरात उतरतो. दुधाचा लॅक्टोमीटर त्याच जातीचा, पण त्याला फसवणं सोपं आहे: साय काढली की दुधाची घनता वाढते, पाणी घातलं की उतरते, दोन्ही केलं की आकडा जागच्या जागी.

आता पेट्रोल. पंपावरच्या पाटीवर जी घनता लिहितात ती १५ अंश सेल्सिअसला किती भरेल ती, हे बहुतेकांना माहीत नसतं. पेट्रोल तापमानाने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त फुगतं, दहा अंशांना एक टक्क्याहून थोडं जास्त. पाटीवर ७४५ (घनमीटरला इतके किलो, म्हणजे आपल्या आकड्यांत ०.७४५) लिहिलं असेल आणि तुमच्या समोर ३५ अंशांच्या पेट्रोलमध्ये हायड्रोमीटरने ७२७-७२८ दाखवलं तर दोन्ही बरोबर असू शकतात. तक्त्यातून रूपांतर करून बघायचं असतं. ग्राहकाने मागितलं तर पंपावर जार, थर्मामीटर, हायड्रोमीटर आणि तक्ता आणून ही तपासणी करून दाखवतात. रूपांतर करूनही ३ पेक्षा जास्त फरक उरला तर संशयाला जागा आहे. चांदीसारखंच इथेही आकडा जुळला म्हणजे माल शुद्ध, असं होत नाही. रॉकेल घनता वर ढकलतं, हलका नाफ्था खाली ओढतो, दोन्ही मिळून जुळवता येतात. इथेनॉलची घनता ०.७८९ असल्याने मिश्रणाचा आकडा थोडा वर राहतो, त्यावरूनही घाबरायला नको.

पहाटे पेट्रोल भरलं की जास्त मिळतं, असं तुम्हीही ऐकलं असेल. निफाडला पारा पाच अंशांवर असताना तर लोक हमखास सांगतात. विचारामागचं भौतिकशास्त्र बरोबर आहे, थंड पेट्रोलच्या एका लिटरमध्ये ग्रॅम जास्त असतात. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान पहाट-दुपारने फारसं हलत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात हाती काही लागत नाही. आणि लिटरच कमी मिळतंय अशी शंका असेल तर घनतेची पाटी वाचून उपयोग नाही. ती मालाबद्दल बोलते, मापाबद्दल नाही. त्यासाठी पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागा आणि आपल्यासमोर भरून घ्या.